कशाचा उतारा?



"माझा उतारा एकरी साठ टन, शेजाऱ्याचा चाळीस. मग टनाचा दर दोघांना सारखाच कसा?" असा प्रश्न हंगामात नेहमी कानावर येतो. प्रश्न रास्त आहे, पण घोटाळा 'उतारा' या शब्दाने केला आहे. शब्द एकच, पण जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

शेतात उतारा म्हणजे एकरी किती माल निघाला ते. तो वजनकाट्यावर कळतो आणि ज्याचा त्याचा वेगळा असतो.

कारखान्यात उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर मिळाली ते. सर्वांचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो, म्हणून हा उतारा कारखान्याचा सरासरी धरतात. एफआरपी ठरते ती यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये दर आहे. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. ०.१ टक्का म्हणजे टनामागे फक्त एक किलो साखर! पण साठ टन ऊस घालणाऱ्याला त्याचे २,०७६ रुपये होतात. यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, हे ध्यानात असावे.

म्हणजे नुसते टन वाढवून भागत नाही. उशिरा युरिया टाकला तर ऊस हिरवागार दिसतो, पण साखर भरत नाही. पक्व ऊसच तोडावा. बुडख्यात साखर जास्त, म्हणून तोड जमिनीलगत घ्यावी. वाढे, पाचट, माती मोळीत जाऊ देऊ नये. तुटलेला ऊस फडात वाळत ठेवू नये, शक्यतो चोवीस तासांत गाळपाला यावा. एकाने कच्चा ऊस घातला तरी उतारा सगळ्यांचाच घसरतो.

तलाठ्याकडे उतारा म्हणजे सरकारी दप्तरातील नोंदीची नक्कल. सातबारामधला सात नंबर जमिनीच्या हक्काचा, बारा नंबर पिकांचा. २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीत आपली आपल्याला मोबाईलवर करता येते. आळस करू नये, कर्ज-विम्याच्या वेळी हाच उतारा विचारतात. पोरांच्या शाळेतला उताराही याच जातीचा, पुस्तकातून उतरवून घेतलेला मजकूर.

दवाखान्यात उतारा म्हणजे विष उतरवणारे औषध. घरी मात्र नजर लागली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, त्यालाही उताराच म्हणतात. या दोन उताऱ्यांत गल्लत झाली तर जीवावर बेतते. उसाच्या फडात साप निघतातच. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, पण ते दवाखान्यातच द्यावे लागते. साप चावला की माणसाला चालवू नये, जखम कापू नये, घट्ट दोरी बांधू नये. चावलेला हातपाय न हलवता तडक दवाखाना गाठावा. ओवाळण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

तेव्हा मंडळी, यापुढे कुणी उताऱ्याची गोष्ट काढली, की आधी विचारा : कशाचा उतारा? साखरेचा असेल तर सगळे मिळून वाढवू. सातबाराचा असेल तर नोंद तपासू. आणि विषाचा असेल तर बोलत बसू नका, गाडी काढा.