सांडपाण्याचा नमुना आणि शेतकरी

ओढ्याचें, नदीचें अथवा विहिरीचें पाणी बिघडलें म्हणजे शेतकरी प्रथम कारखान्यास दोष देतो, मग सरकारास देतो आणि शेवटीं दैवास दोष देऊन स्वस्थ बसतो. या तिन्ही गोष्टींनीं पाणी सुधारत नाहीं. पाण्याच्या रक्षणासाठीं कायदा झालेला आहे, तो चालविण्यास मंडळ नेमलेलें आहे, आणि त्या मंडळाच्या कामाची एक ठराविक रीत आहे. ती रीत ज्यास ठाऊक आहे त्याच्या तक्रारीस वजन येतें. ज्यास ठाऊक नाहीं त्याची तक्रार खरी असूनहि वाया जाते. म्हणून ती रीत येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

महाराष्ट्रानें या बाबतींतील आपला कायदा १९६९ सालींच केला, आणि त्याअन्वयें ७ सप्टेंबर १९७० रोजीं मंडळाची स्थापना झाली. पुढें संसदेनें १९७४ सालीं जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम केला. तो महाराष्ट्रानें १९८१ सालीं स्वीकारला. हवेविषयींचा तशाच धर्तीचा अधिनियम १९८१ सालचा आहे. भोपाळ येथील १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ सालीं पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला. दिल्लीस केंद्रीय मंडळ आहे. परंतु प्रत्यक्ष कारखान्याच्या दारांत जाण्याचें काम मुख्यतः राज्याच्या मंडळाचें. त्याचीं प्रादेशिक व उपप्रादेशिक कार्यालयें आहेत, आणि शेतकऱ्याचा संबंध बहुधा उपप्रादेशिक अधिकाऱ्याशीं येतो.

मंडळाचा पहिला बंध संमतिपत्राचा. मंडळाची संमति घेतल्यावांचून सांडपाणी नदींत, नाल्यांत वा जमिनीवर सोडतां येत नाहीं. किती पाणी, कोठें आणि किती शुद्ध करून सोडावयाचें, हें संमतिपत्राच्या अटींत लिहिलेलें असतें. या अटींची नोंदवही ठेवणें मंडळावर कायद्यानेंच बंधनकारक आहे. आणि ज्यास त्या सांडपाण्याची झळ पोंचते अशा कोणाहि मनुष्यास आपल्या संबंधापुरती ती वही पाहण्याचा हक्क कलम २५ नें दिलेला आहे. हा हक्क फारच थोडे शेतकरी वापरतात.

आतां पाणी किती बिघडलें हें कसें मोजतात तें पाहूं. आपल्याकडील उष्णमानांत स्वच्छ पाण्याच्या दर लिटरांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरलेला असतो. मासे त्यावर जगतात. मळी, मैला असे पदार्थ पाण्यांत पडले म्हणजे सूक्ष्म जंतु ते खातात आणि खातांना हा प्राणवायु वापरून टाकतात. २७ अंश उष्णमानांत ३ दिवसांत असा किती प्राणवायु खर्चीं पडतो, त्या आंकड्यास बीओडी म्हणतात. सर्वसाधारण नियमाप्रमाणें नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्याचा बीओडी दर लिटरास ३० मिलिग्रॅमहून आणि शेतीसाठीं जमिनीवर सोडावयाच्या पाण्याचा १०० हून अधिक असतां कामा नये. आसवनींत मद्यार्क काढल्यावर जें तांबूस काळें पाणी उरतें, त्याचा बीओडी ४० हजारांच्या घरांत असतो. म्हणजे त्याचें एक लिटर पाणी पांच हजार लिटर स्वच्छ पाण्यांतील प्राणवायु गिळूं शकतें. उन्हाळ्यांत कोल्हापुरी बंधाऱ्यामागें पाणी थबकलेलें असतां थोडेंसें मळीमिश्रित सांडपाणी आलें तरी मासे कां मरतात, हें यावरून ध्यानांत येईल. पिकांस व जमिनीस मात्र अधिक भय क्षारांचें आहे. म्हणून विहिरीच्या पाण्याची तपासणी करवितांना त्याची विद्युत्-वाहकता अवश्य पाहवावी. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारींत ओलितास योग्य पाण्याची ही मर्यादा २२५० मायक्रोम्हो धरलेली आहे.

मंडळाची देखरेख तीन प्रकारें चालते. नद्यांच्या ठराविक जागांवरून नियमानें नमुने घेतले जातात. साखर, आसवनी, कागद इत्यादि अतिप्रदूषक १७ वर्गांतील कारखान्यांस केंद्रीय मंडळानें २०१४ सालीं फर्माविलें कीं, सांडपाण्याच्या व धुराच्या मार्गावर स्वयंचलित मापनयंत्र बसवून त्याचे आंकडे मंडळाकडे सतत पाठवावे. शिवाय अधिकारी प्रत्यक्ष तपासणी करितात. परंतु यंत्र बसतें तें कागदोपत्रीं दाखविलेल्या मार्गावर. रात्रीं दुसऱ्याच चरांतून पाणी सोडलें, अथवा साठवण तलावाचा बांध फुटला, तर यंत्रास तें दिसत नाहीं. तें दिसतें पाणी पाजण्यास गेलेल्या शेतकऱ्यास. मात्र शेतकऱ्याचें नुसतें पाहणें कायद्यास पुरत नाहीं, आणि नेमकी येथेंच गांठ पडते.

महसूल खात्यांतील नोकरींत असतांना पाहिलेलें एक उदाहरण सांगतों. एक शेतकरी आपल्या विहिरीचें तांबूस पाणी बाटलींत भरून कचेरींत घेऊन आला. बाटली कोणत्या विहिरीची, कोणत्या दिवशीं व कोणासमक्ष भरली, याचा कांहीं कागद नव्हता. लेखी अर्जहि त्यानें पुष्कळ दिवसांनीं दिला. पाहणीस माणूस गेला तेव्हां पावसाळा लागून विहीर भरली होती व पाणी निवळलें होतें. त्याचा एकरभर ऊस वाळला होता, परंतु पुरावा पावसाबरोबर वाहून गेला.

कायदा नमुन्याच्या बाबतींत इतका कडक कां, असें कोणी विचारील. कारण असें कीं, ज्यावर आरोप येतो त्यासहि आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. म्हणून कलम २१ प्रमाणें सांडपाण्याचा नमुना घेतांना अधिकाऱ्यानें कारखान्याच्या जबाबदार माणसास जागच्या जागीं नोटीस द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे, प्रत्येक भाग खूण करून मोहोरबंद करावा, व त्यावर दोघांनींहि सह्या कराव्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. कारखानदारानें मागणी केल्यास दुसरा कायद्यानें ठरविलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. कारखानदार जाणूनबुजून गैरहजर राहिला तर त्याचीहि तरतूद आहे. ही रीत सोडून घेतलेल्या नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयांत पुरावा म्हणून चालत नाहीं. यास्तव आपली बाटली हा कायद्याचा नमुना नव्हे. अधिकाऱ्यास वेळेवर घटनास्थळीं आणणें, हेंच शेतकऱ्याचें खरें काम होय.

दोष आढळल्यास मंडळास कलम ३३-अ अन्वयें कारखाना बंद करण्याचा किंवा त्याचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचा आदेश देतां येतो. मूळ अधिनियमांत मोठ्या अपराधांस कैदेची शिक्षा होती; २०२४ च्या दुरुस्तीनें बऱ्याच अपराधांस त्याऐवजीं १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. ही दुरुस्ती ज्या राज्यांनीं स्वीकारली तेथेंच ती लागू होते. मंडळ हललें नाहीं तर कलम ४९ प्रमाणें कोणाहि नागरिकास मंडळास ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयांत फिर्याद करितां येते, आणि मंडळानें आपल्याजवळील अहवाल त्यास मागणीवरून द्यावे, असें तेंच कलम सांगतें. मात्र कारखान्यास दंड झाला म्हणजे शेतकऱ्याचें नुकसान भरून आलें, असें नव्हे. त्यासाठीं २०१० च्या अधिनियमानें स्थापिलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें येथील खंडपीठाकडे अर्ज करावा लागतो, व तो सामान्यतः कारण घडल्यापासून ५ वर्षांच्या आंत केला पाहिजे.

सारा दोष कारखान्यांचाच असतो असेंहि समजूं नये. पंचगंगेचें उदाहरण घ्यावें. तिच्यांत शहरांचें मैलापाणीहि येतें आणि कारखान्यांचें सांडपाणीहि येतें. इचलकरंजी येथें २०१२ सालीं दूषित पाण्यामुळें काविळीची मोठी सांथ येऊन माणसें दगावलीं. नगरपालिका व महानगरपालिकाहि या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहींत. म्हणून अर्जांत दोषी कोण हें आपण ठरवूं नये. काय दिसलें तेवढेंच नेमकें लिहावें. दोषी शोधणें हें नमुन्याचें काम आहे.

शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

(१) पाणी बिघडलेलें दिसतांच त्याच दिवशीं मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयास कळवावें, लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी.

(२) अर्जांत गांव, गट नंबर, ओढ्याचें वा विहिरीचें ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याचा रंग व वास लिहावा, छायाचित्रें जोडावीं.

(३) मेलेले मासे अथवा वाळलेलें पीक असल्यास तलाठ्यास व ग्रामपंचायतीस कळवून पंचनामा करवावा, व त्याची प्रत जपून ठेवावी.

(४) विहीर बाधण्याचें भय असेल त्यानें गळीत हंगामापूर्वीं व हंगामानंतर पाणी तपासून घ्यावें. पूर्वीं पाणी चांगलें होतें याचा कागद नसेल तर नंतर तें बिघडलें हें सिद्ध करणें कठीण जातें.

(५) एकट्यानें अर्ज करण्यापेक्षां एका ओढ्यावरील दहा-पांच शेतकऱ्यांनीं मिळून करावा. संमतिपत्राच्या अटी पाहण्यास संघाच्या वतीनें एकानें जावें व त्या उतरून आणाव्या.

पाणी एका रात्रींत वाहून जातें, कागद राहतो. तो वेळेवर करून ठेवण्यास फार शिक्षण लागत नाहीं कीं फार पैसाहि लागत नाहीं. यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या संघानें निदान चार विहिरींचें पाणी तपासून त्याचे दाखले दप्तरीं ठेवावे, इतकी सूचना करून हा लेख पुरा करितों.