मोहाची ढेप आणि तळ्यातली मरळ

(हिंगणघाटजवळच्या शिवारातलं एक तळं. मे महिना. काकांनी उभी हयात मत्स्यबीज वाढवण्यात घालवली आहे.)

पुतण्या : काका, पाऊस पडला की रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची म्हणतो. पण तळ्यात मरळ माजलीय, सगळी खाऊन टाकेल. एक जण म्हणाला, फवारणीचं औषध ओत.

काका : ते अजिबात नको. ते गाळात उतरतं, तिथून माशात आणि पुढे माणसाच्या पोटात. यासाठी मोहाची ढेप वापरतात.

पुतण्या : ढेप तर आपण गुरांना घालतो.

काका : ती सरकीची. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरते त्या ढेपेत सॅपोनिन असतं, साधारण चार ते सहा टक्के. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि तांबड्या पेशी फोडतं. प्राणवायू वाहणारं काही उरत नाही, मासा गुदमरतो. कोळंबीच्या रक्तात अशा पेशी नसतात. म्हणून कोळंबीच्या तळ्यातले नको असलेले मासे चहाच्या बियांच्या ढेपेने मारतात आणि कोळंबी वाचते.

पुतण्या : किती टाकायची?

काका : हजार लिटरला पाव किलो. तुझं तळं एकराचं. मीटरभर पाणी असेल तर चाळीस लाख लिटर, म्हणजे एक टन ढेप. पाणी उपसून फूटभर ठेवलंस तर तीनशे किलोत भागतं. ढेप रात्रभर भिजवायची, सकाळी सगळीकडे सारखी पसरायची, मग जाळं फिरवून पाणी ढवळायचं. काही तासांत मासे वर येतात. ते खायला चालतात. विषाचा जोर पंधरा-वीस दिवसांत ओसरतो आणि कुजलेली ढेप तळ्याला खत होते. तरी आधी हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीत, थोडी बोटुकली ठेवून बघायची. ती जगली तरच बाकीची सोडायची.

पुतण्या : झाडाचंच विष आहे, तर नदीतही चालेल की. जुनी माणसं हिंगणाची फळं, गेळफळं कुटून डोहात टाकायची ना?

काका : टाकायची. पण झाडाचं आहे म्हणून ते सौम्य होत नाही. उन्हाळ्यात आपल्या वणा नदीची धार बारीक होते, तेव्हा पुढच्या पावसात अंडी घालणारे मासे डोहातच तग धरून असतात. तिथे विष पडलं की मोठे मासे, पिल्लं, बेडूकमासे, गोगलगायी, सगळे जातात. मेलेलं कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. पाणी विषारी करून मासे मारायला 1897 च्या कायद्यानेच बंदी घातली आहे. ती योग्यच आहे.

पुतण्या : सरकारी खाती तरी वापरतात का असलं काही?

काका : अमेरिकेत वापरतात. कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिसमध्ये बाहेरून आलेला शिकारी पाईक मासा संपवायला 1997 मध्ये रोटेनोन टाकलं. तेही वनस्पतीच्या मुळांतून मिळणारं. गावाचं पिण्याचं पाणी त्यापायी बंद पडलं, आणि पाईक पुन्हा दिसला. 2007 मध्ये परत टाकावं लागलं.

पुतण्या : मग मी काय करू?

काका : आधी पाणी उपस आणि चार-पाच वेळा जाळं ओढ. मरळीला बाजारात रोहूपेक्षा जास्त भाव आहे, ती जिवंत विक. गाळात दडून राहील तेवढ्यापुरतीच ढेप घाल. तुझा सांडवा कुठे उतरतो?

पुतण्या : नाल्यात. नाला वणेला मिळतो.

काका : मग ढेप टाकायच्या आधी सांडवा मातीने पक्का बंद कर. आणि वळवाचं आभाळ दिसलं तर त्या दिवशी ढेप भिजवूच नकोस.