रानमोडी ओळखा, फुलण्याआधी

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. बोर्ली पंचतनच्या आमच्या वरकस जमिनीतले ऐन, किंजळ त्या दुपारी मुळासकट पडले. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्या उघड्या उतारावर दाट, हिरवी झुडपं उठली. तीस वर्षं मुंबईत काढून परतलेला मी त्यांना भारंगी समजलो. रान सावरतंय म्हणून आनंदलो आणि गड्यांना कोयता लावू दिला नाही.

जानेवारीत शेजारच्या काकींनी एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. “भारंगी कसली रे? ही रानमोडी. ढोरं तोंड लावीत नाहीत हिला.” तोवर फुलं जून झाली होती. मी घाईने सगळी कापली आणि काजूच्या कलमांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरली. ही दुसरी चूक अधिक महाग पडली. बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडालं. मार्चमध्ये वणवा आला, तो त्या वाळक्या काटक्यांवरूनच कलमांपर्यंत पोचला. अकरा कलमं जळाली. पावसाला सुरुवात होताच रानमोडी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटली.

म्हणून सांगतो, पान हातात घ्या. रानमोडीचं पान त्रिकोणी, कडेला दातेरी, आणि देठापासून जरा वर तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या फुटलेल्या. पानं समोरासमोर. चुरगळलं की उग्र वास. भारंगीच्या पानात असा त्रिशूळ नसतो. तिची पानं पुष्कळदा तीन-तीनच्या फेऱ्यात येतात आणि निळसर फुलं पावसाळ्यात. रानमोडीची पांढुरकी, किंचित जांभळट फुलं थंडीत येतात. घाणेरी तर हाताला लगेच कळते: चौकोनी खोड, त्यावर काटे. दोघीही अमेरिकेकडून आलेल्या, पण रानमोडीला काटा नाही, म्हणूनच ती साधी वाटते.

उपटायची ती पावसाळ्यात, माती मऊ असताना, मुळासकट. माती झटकून मुळं वर करून खडकावर टाका, नाहीतर पुन्हा रुजते. आच्छादन करायचंच तर फुलं येण्याआधीच्या हिरव्या पाल्याचं करा. जाळून ती मरत नाही. हिला ऊन लागतं. मोकळ्या जागी ऐन, किंजळ, जांभूळ लावा, सावली धरेपर्यंत दरवर्षी फेरी मारा.

आमच्या उतारावर अजून उपटणी चालू आहे. तुमच्या बांधावर त्रिशूळाचं पान दिसलं, तर दिवाळीच्या आत हात घाला.