दोन बोटं सांगितली, चार झाली

कनेरगाव नाक्याच्या गतिरोधकावर माझ्या पद्मिनी गाडीचं इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटलं, तेव्हा गाडीत आई होती, बायको होती, दोन्ही मुलं होती. मे महिन्याची दुपार. मी ब्रेक मारून गाडी हळू केली, पुढची चाकं वर चढून उतरली आणि खालून लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला. थोडं पुढे गेलो तोच ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिन तिथेच बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. उतरून पाहिलं तर डांबरावर काळ्या ऑइलची रेघ थेट गतिरोधकापर्यंत गेली होती. चहाच्या टपरीच्या सावलीत आई दीड तास बसून राहिली. काही बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

हिंगोली आणि वाशीमच्या साधारण मध्यावरचं हे गाव. एका बाजूला निजामाचं राज्य आणि दुसऱ्या बाजूला वऱ्हाड, अशा जुन्या हद्दीवरचा हा नाका. आजही अकोला-नांदेड रस्त्यावरचे ट्रक इथून रात्रंदिवस जातात. वडिलांनी ही गाडी याच रस्त्यावर वीस वर्षं चालवली आणि एकदाही चेंबर लागू दिलं नाही. फरक एकच होता. त्यांच्या वेळी गाडी होती तेवढ्या उंचीवर होती. मी ती पुढून खाली बसवली होती.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती १९६४पासून डिलाइट म्हणून निघाली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचली आणि घरच्या गाडीवरची माया उफाळून आली. रंग काढला, सीट शिवल्या, क्रोम उजळलं. मग मोबाइलवर खाली बसवलेल्या पद्मिनींचे फोटो दिसू लागले. रुंद चाकं, जमिनीला टेकल्यासारखं नाक. गाडी उभी असताना फार देखणी दिसते, हे मी आजही मान्य करतो.

गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रींनी विचारलं, किती खाली घ्यायची? मी म्हणालो, दोन बोटं. त्यांनी पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅस कटरने उडवला. गाडी चाकांवर उतरवली तर नाक चार बोटं खाली आलेलं.

असं का झालं, हे मला नंतर कळलं. पद्मिनीला मागे पाटे आहेत, पण पुढे दोन आर्मच्या मधली गुंडाळीची स्प्रिंग आहे. ती चाकावर थेट बसत नाही, खालच्या आर्मवर बसते. आर्मच्या मध्यावर स्प्रिंग असेल, तर स्प्रिंग एक इंच आखूड झाली की चाकाकडे तो फरक दोन इंचांचा होतो. वेढा मोजून कापायचा आणि उंची डोळ्यांनी ठरवायची, हा हिशेबच चुकीचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझ्या स्प्रिंगा इतक्या वर्षांच्या भाराने आधीच बसलेल्या होत्या. डावी उजवीपेक्षा जास्त. आर्मचे रबरी बुशही पिचलेले होते. म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्यापेक्षा आधीच खाली होती आणि मी ते मोजलंच नव्हतं. खाली असलेलीच गाडी मी आणखी खाली घेतली.

चेंबर फुटण्याच्या आधीही गाडी सांगत होती, मी ऐकलं नाही. लहान खड्ड्यातही खट्‌ असा आवाज यायचा. स्प्रिंगची चाल संपून आर्म रबराच्या ठोकळ्यावर आपटत होता. वेढा कमी झाला की उरलेली स्प्रिंग कडक होते. आठ वेढे काम करत असतील आणि एक गेला, तर कडकपणा १४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. चाल कमी, कडकपणा जास्त आणि जुनेच शॉकअप, हा मेळ जमत नाही. शॉकअप कायम दबलेल्या अवस्थेत राहून महिन्याभरात गळू लागले. टायर आतल्या कडेने खाल्ले गेले, कारण आर्मचा कोन बदलला की चाक वरून आत झुकतं. नाक खाली गेल्याने स्टिअरिंग हलकं लागायचं, पण सरळ रस्त्यावर गाडी भरकटायची. रात्री हेडलाइटचा उजेड चाकांपुढेच पडायचा. समोरून ट्रक येत असताना असं स्टिअरिंग आणि असा उजेड घेऊन मी मुलाबाळांना नेत होतो.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि मनात हेच आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिलं काम टेपचं. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा सारखी भरा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजून वहीत लिहा. दोन्ही बाजूंत फरक निघाला तर आधी बुश, किंगपिन, स्प्रिंगची बैठक यांचं काम करा. कित्येकदा तेवढ्यानेच गाडी सरळ उभी राहते आणि डोळ्याला बरी वाटते.

तरीही खाली घ्यायचीच असेल तर मूळ स्प्रिंगला हात लावू नका. ती काढून, पुसून, ग्रीस लावून घरात ठेवा. स्प्रिंग बनवणाऱ्याकडून तारेची जाडी आणि लांबी सांगून जोडी नवी करून घ्या, त्याच मापाचे शॉकअप घ्या, आणि काम झालं की अलाइनमेंट व हेडलाइट दोन्ही लावून घ्या. स्प्रिंग लाल तापवून बसवतो असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. तापलेल्या पोलादाचं पाणी उतरतं आणि ते पुढे कधी मोडेल याचा नेम नसतो. कापलेलं टोकही बैठकीत नीट बसत नाही. कागदोपत्रीही जपा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि पंधरा वर्षांवरची गाडी नोंदणी वाढवायला तपासणीसाठी न्यावीच लागते.

आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी दुसरी स्प्रिंग काढताना आर्मखालचा जॅक सरकला. दबलेली स्प्रिंग सुटली आणि भिंतीला जाऊन आदळली. प्लास्टरला वीतभर खड्डा पडला. गॅरेजात काम करणारा पोरगा त्याच क्षणी पाना आणायला वळला होता, म्हणून त्याचा चेहरा वाचला. स्प्रिंग दाबून धरणारं अवजार नसेल, गाडी पक्क्या घोड्यांवर नसेल, तर ते काम करू नका आणि पोराटोरांना करायला लावू नका.

माझ्या गाडीला आता पूर्ण लांबीच्या स्प्रिंगा आहेत. गेल्या महिन्यात वाशीमकडचा एक तरुण त्याची पद्मिनी घेऊन माझ्याकडे आला. दोन बोटं खाली घ्यायची म्हणत होता. मी त्याच्या हातात टेप दिला. डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली निघाली. तो बराच वेळ उकिडवा बसून चाकाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, काका, बुश कुठे मिळतील?