श्रम, समाजरचना आणि वंश

श्रमविभाग, समाजरचना आणि वंश हे समाजशास्त्राच्या आरंभीचे तीन शब्द होत. त्यांची गल्लत झाली की अन्यायालाही शास्त्राचे पांघरूण मिळते. म्हणून आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या आहुपे गावाच्या उदाहरणाने ते समजून घेऊ.

प्रथम श्रमविभाग. येथील महादेव कोळी भात, नाचणी व वरई पिकवितात आणि हंगामात बाळहिरडा गोळा करून वाळवितात. तो हिरडा व्यापाऱ्याच्या हातून औषधे करणाऱ्याकडे जातो; उलट मीठ, कापड व लोखंडी अवजारे बाजारातून गावात येतात. कोणाही एकट्याला सर्व गरजा भागविता येत नाहीत, म्हणून माणसे परस्परांशी बांधली जातात. फ्रेंच पंडित द्यूरकेम यांनी 1893 मध्ये श्रमविभागाचे हेच महत्त्व विशद केले.

दुसरा शब्द समाजरचना. अमके काम थोर व तमके हलके ही उतरंड निसर्गाने रचलेली नाही. ती माणसांनी रचली. जातिभेद हा केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही जन्माच्या पायऱ्यांवर, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिले.

तिसरा शब्द वंश. 1901 च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले हे नाकाच्या मापाचा जातीच्या दर्जाशी संबंध जोडीत. मुंबई विद्यापीठाचे डॉ. घुर्ये यांनी 1932 मध्ये अशा मापांची छाननी केली. महाराष्ट्रात शरीराची ठेवण आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही, असे त्यांना आढळले.

नावावरूनही फसू नये. किनाऱ्यावरचे सोनकोळी मासे धरतात, डोंगरातले महादेव कोळी शेती करतात. पुन्हा, महादेव कोळ्यांतीलच मुकणे घराणे 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जव्हारच्या गादीवर होते. एकाच जमातीत नांगर धरणाराही आहे आणि राज्य करणाराही होऊन गेला; मग धंदा रक्तात असतो असे कोणत्या आधारे म्हणावे?

पालकांनीही हे ध्यानी घ्यावे. मुलाचे आडनाव ऐकून त्याच्या बुद्धीचा व भावी कामाचा अंदाज बांधणे म्हणजे शिकण्याआधीच त्याची वाट अडविणे होय.

अभ्यास : सकाळपासून वापरलेल्या पाच वस्तू लिहा. प्रत्येकीमागे कोणाकोणाचे श्रम आहेत आणि त्यांपैकी कोणाला आपण 'हलका' म्हणतो, याचा विचार करा.