मोबाइलमधले गटाचे कागद कसे जपाल?



बँकेची कर्जफाईल करायची म्हटलं की ठरावाची प्रत, पासबुकाचं पान, सदस्यांचे फोटो लागतात. हल्ली हे सगळं सचिवताईंच्या मोबाइलमध्ये असतं. पण तो मोबाइल पाण्यात पडला तर?

व्हॉट्सॲपवर आहे म्हणजे जपून ठेवलंय, असं समजू नका. तिथे फोटो पाठवला की तो बारीक होतो, वहीतले आकडे पुसट दिसतात. जागा भरली म्हणून फोटो पुसला, तर काही महिन्यांनी तो परत उतरेलच असं नाही. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

पाच वर्षांचं दप्तर एका दुपारी होत नाही. आधी इतिवृत्त वही आणि कर्जाची वही घ्या. सातबारा पुन्हा काढता येतो, भिजलेली वही परत मिळत नाही. वही उजेडात सपाट ठेवा, पानाचे चारही कोपरे दिसू द्या. गूगल ड्राइव्हमध्ये 'स्कॅन'ची सोय आहे, त्यात एका ठरावाची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये बसतात.

मग नाव द्या. मोबाइलने दिलेलं आकड्यांचं नाव सहा महिन्यांनी कुणालाच उमगत नाही. '२०२५-०६-१२ कर्ज ठराव' असं लिहा. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं की फाइली आपोआप तारखेने ओळीत लागतात.

प्रती तीन हव्यात. एक मोबाइलमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक ड्राइव्हवर. गूगल खात्यावर १५ जीबी जागा फुकट असते, पण मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून. पेनड्राइव्ह मोबाइलच्याच पिशवीत ठेवली तर दोन्ही एकदम हरवतील. ती अध्यक्षताईंच्या घरी असू द्या. आणि दर सहा महिन्यांनी लावून बघा. नुसती पडून राहिलेली पेनड्राइव्हही खराब होते.

ड्राइव्हचं खातं कुणा एकीच्या नावाचं नको, गटाचं वेगळं काढा. पदाधिकारी बदलले की त्याच बैठकीत पासवर्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदला, इतिवृत्तात तशी नोंद करा. एटीएमचा पिन मात्र यात कुठेच लिहून ठेवू नका.

आणि हो, फोटो काढले म्हणून वह्या रद्दीत घालू नका. लेखापरीक्षणाला मूळ वहीच दाखवायची असते.