नाव तेच, क्रमांक वेगळा : डिस्क नसलेल्या संगणकाची उपकरण-फाईल

हैदराबादच्या मराठी माणसाला ‘कोठी’ या शब्दाचे दोन अर्थ सांभाळावे लागतात. घरात कोठी म्हणजे धान्य साठवण्याची खोली. रिक्षावाल्याला ‘कोठी’ म्हटले की तो जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या परिसरात आणून सोडतो. युनिक्स शिकवताना मला हेच उदाहरण उपयोगी पडले.

वर्गासाठी आम्ही कोठीच्या गुजराती गल्लीतून जुने संगणक घेतले. त्यांत हार्डडिस्क नव्हती. म्हणून नेटबीएसडीच्या साऱ्या फाईली एका लिनक्स सर्व्हरवर ठेवून त्या एनएफएसद्वारे पुरवायच्या, असे ठरले. ‘डेव्ह’ निर्देशिकेतल्या उपकरण-फाईली मी सर्व्हरवरच्याच उतरवून घेतल्या. संगणक सुरू केला. कर्नलचे संदेश उमटले आणि पुढे पडदा गप्प. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कन्सोलची फाईल तर आहे ना?”

फाईल होती. पण उपकरण-फाईलमध्ये मजकूर नसतो, दोन आकडे असतात. मुख्य क्रमांक ड्रायव्हर कोणता ते सांगतो, उपक्रमांक त्या ड्रायव्हरचे उपकरण कोणते ते. लिनक्समध्ये कन्सोल ५,१ आणि नल १,३. पीसीवरच्या नेटबीएसडीत तेच ०,० आणि २,२. सर्व्हर हे आकडे फक्त सांभाळतो. त्यांचा अर्थ लावतो तो समोरच्या संगणकाचा कर्नल.

आकडे बरोबर दिले तरी आणखी एक अडचण उरू शकते. जुन्या युनिक्समध्ये दोन्ही क्रमांकांना आठ-आठ बिट असत. ३२ बिटी सोलारिसमध्ये ती वाटणी १४ आणि १८ अशी आहे. एनएफएसची दुसरी आवृत्ती हे सारे एकाच संख्येत पाठवते, तिसरी दोन भाग वेगळे पाठवते. यासाठी नेटबीएसडीच्या ‘एमकेनॉड’ आज्ञेत कोणत्या प्रणालीची मांडणी हवी ते सांगण्याची सोय आहे.

आमचा उपाय सोपा निघाला. ‘मेकडेव्ह’ ही स्क्रिप्ट ठेवून बाकीच्या उपकरण-फाईली पुसल्या. कन्सोलची फाईल सापडली नाही, की नेटबीएसडीचा ‘इनिट’ स्मृतीतच नवी ‘डेव्ह’ उभारतो आणि तिथे ती स्क्रिप्ट चालवतो. चुकीच्या फाईलमुळे हा मार्गच बंद झाला होता.

पाठ्यपुस्तकात ‘उपकरणाची माहिती साठवणारी फाईल’ अशी व्याख्या मीच लिहून दिली होती. विद्यार्थिनीचा प्रश्न त्या व्याख्येतूनच आला होता. आता मी लिहितो : ‘ज्या कर्नलने वाचायचे, त्याच्याच यादीतले दोन क्रमांक धारण करणारे नाव.’